विद्यापीठाच्या टीबीआयमध्ये दाखल होताना : आधी कंपनी, आधी पेटंट की आधी अर्ज?

ठिबकचा_थेंब
नमस्कार मंडळी. अंतिम वर्षाचे दोन विद्यार्थी आणि एक प्राध्यापक अशी टीम आहे. ठिबक संचाच्या फिल्टरच्या आधीचा आणि नंतरचा दाब मोजायचा आणि फरक वाढला की शेतकऱ्याच्या मोबाइलवर 'फिल्टर धुवा' असा संदेश पाठवायचा, असं उपकरण आहे. पहिला नमुना महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत तयार झालाय. कंपनी अजून काढलेली नाही.

राज्य विद्यापीठाशी जोडलेल्या, डीएसटीची (केंद्राच्या विज्ञान व तंत्रज्ञान विभागाची) मान्यता असलेल्या एका टेक्नॉलॉजी बिझनेस इन्क्युबेटरचे (टीबीआय, म्हणजे नवउद्योगांना जागा, यंत्रं आणि मार्गदर्शन देणारी संस्था) अर्ज सुरू आहेत. कराराच्या मसुद्यात ५ टक्के समभाग मागितलेत. कंपनी अर्जाआधी काढावी की नंतर? ५ टक्के जास्त आहेत का? आणि मुळात टीबीआयमध्ये जाऊन मिळतं काय? आकडे, फॉर्म, अटी असं ठोस लिहिलंत तर उपकार होतील. 'स्वप्नांचा पाठलाग करा' हे पोस्टरवर वाचून झालंय.

उगाच_एक
आधी नाव, मग लोगो, मग व्हिजिटिंग कार्ड, मग सीईओ कोण यावरून भांडण. उपकरण त्यानंतर.

ताळेबंद
कंपनीची घाई करू नका. स्टार्टअप इंडिया सीड फंड योजनेत अर्ज करताना कंपनी २ वर्षांहून जुनी चालत नाही. म्हणजे नोंदणीच्या दिवशीच घड्याळ सुरू होतं, आणि हार्डवेअरवाल्यांची पहिली दोन वर्षं नमुना दुरुस्त करण्यातच जातात.

शिवाय विक्री शून्य असली तरी लेखापरीक्षण सुटत नाही. एओसी-४ (आर्थिक विवरणपत्रं) आणि एमजीटी-७ए (वार्षिक विवरण) हे फॉर्म दरवर्षी भरावे लागतात. उशीर झाला तर प्रत्येक फॉर्मला दिवसाला १०० रुपये, आणि त्याला वरची मर्यादा नाही. कंपनी काढल्यावर १८० दिवसांत भांडवल बँकेत भरून आयएनसी-२०ए, म्हणजे व्यवसाय सुरू करत असल्याच्या घोषणेचा फॉर्म, द्यावा लागतो. तो राहिला की पुढचं सगळं अडतं.

निधी-प्रयास ही डीएसटीची नमुन्यासाठीची योजना व्यक्तीला मिळू शकते: कमाल १० लाख, कालावधी १८ महिने. ती प्रत्यक्ष वस्तूसाठी आहे, नुसत्या अ‍ॅपसाठी नाही. तुमचं उपकरण तिच्यात बसतं.

गेटपास
ताळेबंद, अर्धंच सहमत. बहुतेक टीबीआयमध्ये दोन दारं असतात. प्री-इन्क्युबेशनला व्यक्ती चालते, इन्क्युबेशनला कंपनीच लागते. मसुद्यात समभाग मागितलेत याचा अर्थ हा अर्ज दुसऱ्या दाराचा आहे. धागाकर्त्याने तिथे फोन करून प्री-इन्क्युबेशनचा वेगळा अर्ज आहे का ते विचारावं. त्यात सहसा समभाग मागत नाहीत. थोडं शुल्क, टेबल आणि प्रयोगशाळेचा वापर एवढाच व्यवहार.

कंपनी काढायचीच तर प्रायव्हेट लिमिटेड काढा. एलएलपीलाही (मर्यादित दायित्वाच्या भागीदारीलाही) डीपीआयआयटीची, म्हणजे केंद्राच्या उद्योग विभागाची, स्टार्टअप मान्यता मिळते, पण एलएलपीला समभाग देता येत नाहीत आणि परिवर्तनीय डिबेंचरही (पुढे समभागांत बदलता येणारे कर्जरोखे) काढता येत नाहीत. मग टीबीआयचा करारच बसत नाही आणि सहा महिन्यांनी रूपांतराचा खर्च अंगावर येतो. एकल मालकीला तर मान्यताच नाही.

दावा_क्रमांक_एक
कंपनी बाजूला ठेवा. नमुना कुठे दाखवलाय का? महाविद्यालयाचं प्रदर्शन, प्रकल्प स्पर्धा, यूट्यूब, विभागाच्या संकेतस्थळावर चढवलेला प्रकल्प अहवाल, यातलं काहीही? यातली एक गोष्टसुद्धा नावीन्य घालवायला पुरते. निवड समितीसमोरचं सादरीकरण गोपनीयतेच्या करारात झालं तर ठीक. 'डेमो डे'ला प्रेक्षकांत कोणीही बसतं.

म्हणून पहिली तारीख पेटंट कार्यालयाची घ्या. तात्पुरतं विवरण फॉर्म २ मध्ये दाखल करायचं, ऑनलाइन शुल्क व्यक्ती, स्टार्टअप आणि शैक्षणिक संस्था यांना १,६०० रुपये. त्यानंतर पूर्ण विवरणासाठी १२ महिने मिळतात. हे १२ महिने चुकले की अर्ज सोडून दिला असं धरतात.

तुमच्या बाबतीत दोन खड्डे आहेत. भारतीय पेटंट कायद्याच्या कलम ३(एच) प्रमाणे शेतीची पद्धत पेटंटयोग्य नाही आणि ३(के) प्रमाणे नुसता संगणक प्रोग्रॅमही नाही. 'फिल्टर कधी धुवावा हे ठरवण्याची पद्धत' असा दावा लिहिलात तर दोन्ही कलमं एकदम अंगावर येतील. दावा उपकरणाचा लिहा: संवेदक कुठे, नळी कशी, झडप कोणती, शून्य कसं साधलं जातं. अटॉर्नीकडे जाताना 'कल्पना' नेऊ नका, आकृती न्या.

शाईपुसणी
आणि अर्जदार कोण, हे आधी ठरवा. उपकरण प्रयोगशाळेत बनलंय म्हणता. २०१९ च्या राष्ट्रीय नवोपक्रम व स्टार्टअप धोरणाप्रमाणे संस्थेची साधनं किंवा पैसा भरीव प्रमाणात वापरला असेल, किंवा काम अभ्यासक्रमाचा भाग म्हणून झालं असेल, तर बौद्धिक संपदा संशोधक आणि संस्था यांची संयुक्त. संस्थेचं काहीही न वापरता, कार्यालयीन वेळेबाहेर आणि अभ्यासक्रमाबाहेर केलं असेल तरच ती संपूर्ण तुमची. अंतिम वर्षाचा प्रकल्प हा अभ्यासक्रमच झाला. तेव्हा महाविद्यालय सहअर्जदार असणार हे धरूनच चाला.

संयुक्त मालकीत घाबरण्यासारखं काही नाही, मात्र कंपनीला त्या पेटंटचा परवाना लेखी हवा. तो सर्वस्वी आहे की सामायिक, स्वामित्वधन किती, कधीपासून, हे सगळं त्यात असावं. प्राचार्य 'आपलंच आहे, वापरा' म्हणाले, याला गुंतवणूकदाराचा वकील कागद मानत नाही.

प्राध्यापकांबद्दलही बोलायला हवं. पूर्ण पगार घेत असताना त्यांनी स्टार्टअपमध्ये हिस्सा घेतला, तर त्या हिश्शाच्या २० टक्क्यांपर्यंत संस्था मागू शकते असं तेच धोरण सांगतं. संस्थेचा एकूण वाटा त्यात २ ते ९.५ टक्के धरलाय. संचालक होण्याआधी सरांनी संस्थेची लेखी परवानगी घ्यावी. नंतर मागितलेली परवानगी ही परवानगी नसते, खुलासा असतो.

उगाच_एक
शाईपुसणी, शेवटचं वाक्य आमच्या स्टाफरूममध्ये लावतो.

मधली_सुट्टी
सगळे कागदांत शिरलेत, पण टीबीआय हवंच कशाला? भाड्याची खोली, एक ऑसिलोस्कोप आणि बाहेरून छापून आणलेले पीसीबी एवढ्यात हे उपकरण होतं. बदल्यात ५ टक्के, दर तिमाहीला अहवाल आणि पाहुणे आले की नमुना मांडून उभं राहणं. मार्गदर्शकांच्या यादीत तीस नावं असतात, भेटीला येतात तीन.

नळकांडं
मसु, उपकरण 'होतं' आणि उपकरण 'टिकतं' यात फरक आहे. फिल्टरजवळ ऊन, पाणी, खतं आणि आम्लप्रक्रियेचं आम्ल, सगळं एकत्र असतं. पाण्याला लागणारा भाग साध्या पितळेचा असेल तर आम्लाने जातो, ३१६ स्टेनलेस लागतं. पेटीत धूळ-पाणी शिरत नाही ना याची आयपी ६५ किंवा ६७ चाचणी, तापमानाची चाचणी, ईएमसी (विद्युतचुंबकीय हस्तक्षेपाची चाचणी), हे खोलीत होत नाही. चांगल्या टीबीआयला या यंत्रणा स्वतःकडे नसल्या तरी विद्यापीठाच्या दरात मिळवून देता येतात.

पण माहितीपत्रकावर विश्वास ठेवू नका. सही करायच्या आधी आत जाऊन बघा, आणि शनिवारी जा. यंत्र टीबीआयच्या मालकीचं आहे की विभागाच्या? विभागाचं असेल तर विभागप्रमुखांची सही, ऑपरेटरची रजा आणि परीक्षेचा हंगाम सांभाळत वेळ घ्यावी लागते. वार्षिक देखभालीचा करार चालू आहे का? थ्रीडी प्रिंटरच्या फिलामेंटचे पैसे कोण भरतं? संध्याकाळी सहानंतर वीज आणि कुलूप कोणाच्या हातात? सामान बाहेर काढायला गेटपासवर कोण सही करतं? (गेटपास, तुम्ही नव्हे.)

सगळ्यांत दुर्लक्षित गोष्ट म्हणजे नेटवर्क. विद्यापीठाच्या वायफायला आधी ब्राउझरमध्ये लॉगिन करावं लागतं. उपकरणातल्या ईएसपी ३२ या वायफाय चिपला ब्राउझर कुठला? ते जोडलंच जात नाही. एमक्यूटीटीची (उपकरणाचे संदेश सर्व्हरला पाठवायच्या पद्धतीची) १८८३ आणि ८८८३ ही पोर्टं फायरवॉलवर बंद असू शकतात, दुरून संगणक चालवायच्या एसएसएचचं २२ सुद्धा. संगणक केंद्राला उपकरणांचे मॅक पत्ते (नेटवर्कवरचे ओळखक्रमांक) लेखी देऊन सूट मागा किंवा सरळ सिमवाला राउटर ठेवा.

उगाच_एक
उपकरणाला विद्यार्थी ओळखपत्र काढून द्या. लॉगिन होईल.

गेटपास
मधली_सुट्टी यांचा मुद्दा खोटा नाही. नुसती जागा हवी असेल तर टीबीआय महाग पडतं. टीबीआयमधून खरं मिळतं ते तीन ठिकाणी. पहिलं, सरकारी योजनांचा पैसा ज्या नळातून येतो तो नळ तिथे आहे. प्रयास, ईआयआर (उद्योजकाला मासिक भत्ता: महिना कमाल ३०,००० रुपये, १२ महिने), सीड सपोर्ट, यांचे अर्ज इन्क्युबेटरमार्फतच होतात, थेट डीएसटीकडे जाता येत नाही. दुसरं, चाचण्या, ते वर आलंच. तिसरं, पहिला ग्राहक. कृषी विद्यापीठ, कृषी विज्ञान केंद्र, ठिबक कंपनी यांच्या दारात टीबीआयचं पत्र घेऊन गेलं की निदान खुर्ची मिळते.

म्हणून तिथे दोन प्रश्न विचारा: गेल्या दोन वर्षांत प्रत्यक्ष वाटप झालेली सीड रक्कम किती, आणि ती किती कंपन्यांना? 'मंजूर' नव्हे, 'वाटप'. आणि बाहेर पडलेल्या दोन कंपन्यांचे फोन नंबर मागा. देताना अडखळले तर समजून जा.

ताळेबंद
आता ५ टक्क्यांचं गणित, कारण यात हमखास चूक होते. समजा तुमचे १०,००० समभाग आहेत. ५ टक्के म्हणजे ५०० असं वाटतं, पण नवे ५०० काढले की एकूण १०,५०० होतात आणि हिस्सा ४.७६ टक्केच भरतो. बरोबर आकडा ५२७. १०,००० भागिले ०.९५, त्यातून १०,००० वजा. दर्शनी किंमत १० रुपये धरली तर इन्क्युबेटरकडून ५,२७० रुपये येतील. फुकट समभाग देता येत नाहीत, पैसे बँकेतून यायला हवेत.

अधिकृत भांडवल (समभाग काढायची कमाल मर्यादा) १ लाख आणि काढलेलंही १ लाख, अशी कंपनी बरेच जण काढतात. मग ५२७ समभागांना जागाच नाही. आधी एसएच-७ भरून भांडवल वाढवा, मग विशेष ठराव, मग वाटप, मग १५ दिवसांत वाटपाचा फॉर्म पास-३. त्यापेक्षा सुरुवातीलाच अधिकृत भांडवल १० लाख ठेवा. १५ लाखांपर्यंत मंत्रालयाचं नोंदणी शुल्क शून्य आहे, मुद्रांक शुल्क तेवढं राज्याप्रमाणे पडेल.

मधली_सुट्टी
टक्क्यापेक्षा त्याच्या पुढचं वाक्य वाचा. 'हा हिस्सा कमी होणार नाही' असं असेल तर ते कधीपर्यंत? पहिल्या गुंतवणूक फेरीपर्यंत असेल तर सहन करा. मर्यादाच नसेल तर प्रत्येक फेरीत तुमच्या हिश्शातून त्यांचा ५ टक्के भरत बसाल, आणि हे पाहून पुढचा गुंतवणूकदार हात आखडता घेईल. ५ टक्के साधा हा ३ टक्के कायमपेक्षा बरा.

सोबत हेही पाहा: समभाग कशाच्या बदल्यात? जागेच्या बदल्यात ५ टक्के आणि वर महिन्याचं भाडंही, असा दुहेरी हिशोब मसुद्यात सापडतो. समभाग टप्प्याटप्प्याने मागा: दाखल होताना १, सीड रक्कम खात्यात आल्यावर उरलेले ४. सहा महिन्यांत बाहेर पडलात तर तो चारचा प्रश्नच येत नाही.

गेटपास
टप्प्यांचं सगळीकडे मान्य होईल असं नाही, पण मागायला हरकत नाही. मसुदा म्हणजे मसुदा.

एक तपासा: करार कोणाशी आहे? टीबीआय बहुधा कलम ८ खालची (ना-नफा) कंपनी किंवा नोंदणीकृत संस्था असते, विद्यापीठ नव्हे. तुमचे समभाग तीच धारण करते. पण इमारत विद्यापीठाची. त्यामुळे टीबीआयचा पत्ता कंपनीचं नोंदणीकृत कार्यालय म्हणून द्यायचा झाला तर वीजबिल निघतं कुलसचिवांच्या नावाने आणि ना-हरकत पत्र टीबीआयच्या सीईओचं. दोन नावं जुळत नाहीत म्हणून कंपनी निबंधक शंका काढतो. विद्यापीठाने टीबीआयला जागा दिल्याचा करार सोबत जोडा, बिल दोन महिन्यांच्या आतलं असू द्या. जीएसटी अधिकारी पाहणीला येतात तेव्हा दारावर कंपनीच्या नावाची पाटी लागते. वीस कंपन्या एका दालनात असल्या तरी ज्याची त्याची पाटी.

उगाच_एक
दाराला पाट्या की पाट्यांना दार?

वाचनमात्र
उपयुक्त धागा. वाचनखूण साठवली.

नळकांडं
अवांतर, पण समिती हेच विचारेल म्हणून लिहितो. फिल्टरच्या दोन्ही बाजूंना दाबमापकं बसवण्याची पद्धत आहेच. फरक साधारण ०.५ किलो प्रति चौरस सेंटिमीटर झाला की धुवायचं हे शेतकऱ्याला सांगितलेलं असतं. मग तुमचं उपकरण कशाला? उत्तर 'स्मार्ट आहे म्हणून' असेल तर खाली बसवतील. रात्रीच्या विजेवर पंप चालतो तेव्हा मापकाकडे बघायला कोणी नसतं, हे उत्तर आहे.

आणि अचूकता. ० ते १० बारचे दोन संवेदक, प्रत्येकी पूर्ण मापाच्या १ टक्का चूक, म्हणजे ०.१ बार. दोन्हींची उलट दिशेला गेली तर ०.२. तुम्ही शोधताय ०.५. संदेश एकतर रोज येईल किंवा येणारच नाही. कमी मापाचे संवेदक घ्या, पण पंप सुरू-बंद होताना पाण्याचा धक्का बसतो म्हणून ४ ऐवजी ६ बार बरा. पंप बंद असताना दोन्हीकडचा दाब सारखाच असतो. तेव्हाचा फरक शून्य मानून वजा करत राहा. नळीत हवा अडकली की आकडा नाचतो, म्हणून वर हवा सोडायची जागा ठेवा.

दावा_क्रमांक_एक
नळकांडं, हे शून्य साधायचं विवरणात घातलं का, ते धागाकर्त्याला आता तपासावं लागेल. उघड्या धाग्यावर आलंय!

नळकांडं
दोन संवेदकांचं शून्य जुळवणं हे कुठल्याही मापनशास्त्राच्या वर्गात शिकवतात. त्यावर पेटंट मिळालं तर मी फिल्टर धुवायला येतो.

लोरा (लांब पल्ल्याचा, कमी विजेचा रेडिओ) वापरणार असाल तर ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्‌झ. बाहेरून मागवलेलं स्वस्त मॉड्यूल ९१५ चं निघतं, ते इथे चालत नाही. आणि परवाना लागत नाही याचा अर्थ मान्यता लागत नाही असा नव्हे. डब्ल्यूपीसीची (केंद्राच्या दूरसंचार खात्यातल्या बिनतारी विभागाची) ईटीए, म्हणजे उपकरणाची मान्यता, लागते.

गेटपास
अनुदान मिळालं तर पैसा कुठे अडकतो तेही सांगून टाकतो. मंजुरीपत्राच्या आधीच्या तारखेचं बिल धरत नाहीत. कंपनीला अनुदान आणि बिल संचालकाच्या नावावर, हेही नाही. ऑनलाइन घेतलेल्या सुट्या भागांना जीएसटी क्रमांकासह बिल मागायचं विसरू नका. अनुदानाचं बँक खाते वेगळं ठेवा. पुढचा हप्ता विनियोग प्रमाणपत्रावर, म्हणजे जीएफआर १२-ए वर अवलंबून, आणि त्यावर सीएची सही लागते.

टप्पे लिहिताना 'नमुना यशस्वीपणे विकसित करणे' असं लिहू नका. '१० नग, ३ शेतांवर, ९० दिवस, चुकीचे संदेश किती याची नोंद' असं लिहा. पहिल्या वाक्यावर समितीत तासभर वाद होतो, दुसऱ्यावर सही.

ताळेबंद
पुस्ती : सीड फंड योजनेत इतर केंद्र किंवा राज्य योजनेतून १० लाखांहून जास्त आर्थिक मदत घेतलेली चालत नाही. प्रयासचे १० लाख आणि वर राज्याच्या एखाद्या योजनेचे २ लाख घेतले की दार बंद. बक्षिसाची रक्कम, संस्थापकाचा मासिक भत्ता, सवलतीची जागा हे त्यात मोजत नाहीत. त्या योजनेत नमुना व चाचणीसाठी २० लाखांपर्यंत अनुदान, बाजारात उतरायला ५० लाखांपर्यंत परिवर्तनीय डिबेंचर किंवा कर्ज. पसंतीक्रमाने तीन इन्क्युबेटर निवडता येतात आणि अर्जाला शुल्क नाही. योजना २०२१ मध्ये चार वर्षांसाठी जाहीर झाली होती, तेव्हा पोर्टलवरची सद्यस्थिती बघूनच बेत आखा.

ठिबकचा_थेंब
सगळ्यांचे आभार. प्रदर्शनात नमुना मांडलेला नाही, पण प्रकल्प अहवाल पुढच्या महिन्यात ग्रंथालयाच्या भांडारात चढणार आहे. क्रम असा लावतोय: महाविद्यालयाशी लेखी बोलणी, तात्पुरतं विवरण, अहवाल, प्री-इन्क्युबेशन, प्रयास, आणि कंपनी शेवटी. शनिवारी प्रयोगशाळा बघायला जातो. दोन महिन्यांत बाहेर पडावं लागलं तर काय, एवढं राहिलं.

शाईपुसणी
अहवाल चढवायला विलंबाची मुभा मागता येते. मार्गदर्शकांनी 'पेटंट प्रक्रियेत' असं पत्र दिलं की ग्रंथालय थांबतं. पत्र आजच द्या. ग्रंथपाल सुट्टीवर गेले की बदली लिपिक गठ्ठाच्या गठ्ठा चढवून मोकळा होतो.

गेटपास
बाहेर पडायचं कलम 'समाप्ती' या मथळ्याखाली शोधा. नोटीस किती दिवसांची, अनामत कधी परत, यंत्रात अडकलेलं तुमचं सामान कसं सुटेल. समभाग परत घेण्याची तरतूद नसेल तर कोणत्या किमतीला परत घेता येतील हे आत्ताच लिहून घ्या. कंपनी तोवर काढलेली असेल तर पत्ता बदलल्यापासून ३० दिवसांत त्याचा फॉर्म आयएनसी-२२. आणि बाहेर पडल्यावरही काही वर्षं रोजगार, उलाढाल, गुंतवणूक यांची माहिती दरवर्षी मागतात, ती द्यायला लागते.

उगाच_एक
शनिवारी जाताना ईएसपी ३२ खिशात ठेवा. वायफायला जोडलं गेलं तर फोटो टाका.